अळकुड्यांची टोपली

लग्न होऊन मी उमुन्कालात आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी कोंबडी कापली आणि वाढायचं काम माझ्यावर टाकलं. आमच्याकडे कोंबडीचा पेटा, तो कलेजीशेजारचा चिवट तुकडा, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पानात जातो. बायका तो खात नाहीत. शिजवताना चाखून बघायलाही उचलत नाहीत. त्या दिवशी जेवायला शेजारच्या अंगणातले इग्विलोकाका होते, वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून मी पेटा त्यांच्या पानात वाढला. त्यांनी तो उचलला आणि शेजारी बसलेल्या मुलीच्या पानात ठेवला. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, रुंद खांद्यांची मुलगी. तिने कोणाकडे न बघता तो तोंडात टाकला आणि चावत राहिली.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "बघत काय बसलीस? तो इग्विलोंचा मुलगा आहे."

ती न्वुगो.

इग्विलोकाकांना चार मुलीच. तिघी लग्न करून गेल्या. चौथीसाठीही एका घरून मागणीचं, ताडीचं पहिलं मडकं आलं होतं. काकांनी ते परत पाठवलं, भावकीतल्या म्हाताऱ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर न्वुगोला आपल्या शेजारी बकऱ्याच्या कातड्यावर बसवलं. ही कुठे जाणार नाही, म्हणाले, माझं दार हिने उघडं ठेवायचं. असं आमच्याकडे करतात, कोणाला त्याचं नवल नाही. दार बंद झालं की जमीन भावकीत जाते, अंगणात गवत माजतं आणि गेलेल्याचं नाव घेऊन ताडी सांडणारं कोणी उरत नाही. इग्विलोकाकांची भावकी म्हणजे माझे सासरे, आणि त्यांच्या मागे आमचे हे, उदेंझे. दोन अंगणांच्या मध्ये एक कुंपण, तेही विरळ.

ते परत गेलेलं मडकं कोणी आणलं होतं, तो तिला आवडला होता का, हे मी कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

सासरच्या लेकींना आम्ही सुना थट्टेने नवराच म्हणतो. वन्सं अंगणात आल्या की "आमचे नवरे आले, पाणी द्या गं" असं चालतं. न्वुगोच्या बाबतीत ती थट्टा नव्हती. कोनफळ हे पुरुषाचं पीक, अळकुड्या बाईच्या. न्वुगो कोनफळं लावायची. मातीचे उंचवटे तीच घालायची, वेलांना काठ्या तीच द्यायची, आणि काढणी झाली की मांडवाच्या खांबांना एकेक कोनफळ दोरीने तीच बांधायची. दोरी दातांत धरून, वरून खाली. पेरणीच्या आधी भावकीतले पुरुष एकमेकांचे मांडव बघत हिंडतात. फारसं बोलत नाहीत, नुसते बघतात. तिच्या मांडवापाशी ते जरा जास्त वेळ थांबत. दुसऱ्या कोणाच्या मांडवात एखादा खांब रिकामा दिसला, तर त्याचं साल वाईट गेलं म्हणायचे. तिच्याकडे दिसला असता तर म्हणाले असते, शेवटी बाईच ती.

एवढं करूनही तिच्या बैठकीत पाहुणा आला की तिला कुंपणावरून हाक मारावी लागे. "उदेंझे! घरात आहेस का रे? जरा ये." कारण पाहुण्यापुढे ठेवतात ते कोलाचं कडू बी बाईच्या हाताने फोडत नाहीत. ताट तिचं, कोला तिचा, पाहुणा तिचा, पण फोडायला आमचे हे. ते मुद्दाम सावकाश जायचे, हात धुऊन, कापड नीट गुंडाळून. बायकांच्या चटईवर न्वुगो कधी बसत नसे आणि पुरुष तिला कोला फोडू देत नसत. मधे कुठेतरी ती उभी असायची.

काका वारले. न्वुगोला स्वतःला एक मूल झालं होतं, ते पाचव्या दिवशी गेलं आणि पुन्हा झालं नाही. मग मुलाच्या हक्काने तिने रीतसर ताडी नेली, सगळं नेलं, आणि ओढ्यापलीकडच्या अमाग्वूहून उलोमाला बायको करून आणली. उलोमाची मुलं कोणाची? ज्याने ताडी नेली त्याची. बाकीचं आम्ही बायका विचारत नाही आणि पुरुषांना सांगत नाही.

उलोमा बडबडी, हसरी, हाताला चव असलेली. पहिल्याच महिन्यात मला कुंपणावरून म्हणाली, "वहिनी, मला वाटलं होतं, घरात दोन बायका म्हणजे काम अर्धं. इथे तर एक मी, आणि एक आमचे हे!"

खरंच होतं ते. न्वुगोला नवरा कसा असतो ते एकाच माणसाकडे बघून माहीत होतं. काका जसे बसत तशी ती बसे, पाण्यासाठी तसाच न बोलता हात पुढे करी, आणि चुलीपाशी कधी येत नसे. वाईट नव्हती. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पहिली मुलगी झाली, अदाकू, तेव्हा तर गळ्याला कानापर्यंत पांढरा खडू फासून गावभर हिंडली. मूल झालं की आमच्याकडे घरातल्या बायका गळ्याला खडू लावून गात निघतात. ती पुरुषांच्या वरताण चालली आणि बायकांच्या वरताण गायली. पाच वर्षं त्या घरातून हसण्याचा आवाज येत होता.

मग दुसरं बाळंतपण आलं. कोरड्या वाऱ्याचे दिवस होते, ओठ फुटत होते, सगळीकडे धूळ. मी आत होते. सकाळीच उलोमा सुटली. नाळ कापून, बाळ पुसून मी बाहेर आले. न्वुगो मांडवात होती, दोरी दातांत.

"वन्सं, सुटली. मुलगी झाली. दोघीही ठीक आहेत."

तिने दोरी दातांतून काढली. "पुन्हा?" म्हणाली. आणि दोरी परत दातांत धरली.

मांडव खोलीपासून दहा पावलांवर. मी आत गेले तेव्हा उलोमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खडूचा गोळा घेऊन पुन्हा बाहेर गेले तर न्वुगो म्हणाली, "नंतर लावते. हात मातीचे आहेत." ते नंतर काही आलं नाही. आम्ही तिघी-चौघी सुना खडू लावून गायलो, पण घरचंच माणूस नाही म्हटल्यावर गाण्याला जोर येईना.

दुसऱ्या दिवशी उलोमाची आई म्बेके बाळंतपण करायला आली. डोक्यावर गाठोडं, तोंडाने धाप आणि गाणं एकदमच. बाळंतिणीला आमच्याकडे कोनफळाचं गरम तिखट पाणी देतात, रानमिरी आणि सुकी मासळी घालून. शिजवते आई, पण कोनफळं नवऱ्याने आपल्या मांडवातून सोडून द्यायची. मुलगा असो, मुलगी असो, तेवढं त्याचं काम. म्बेकेने पाणी चढवलं आणि वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशी न्वुगोने चुलीच्या दाराशी टोपली आणून ठेवली आणि लगेच वळून गेली.

मी तिथेच होते. टोपली भरगच्च होती. धुतलेल्या, निवडलेल्या अळकुड्या.

म्बेकेने एक उचलली, उलटसुलट करून पाहिली. "ओबिदिया, तुमच्या गावात याला काय म्हणतात?"

"मावशी, मी बोलते त्यांच्याशी."

"नको. मी काय म्हणते, माझी दृष्टी गेली असेल. हे कोनफळ आहे का?"

"नाही, मावशी."

"मग मला बरोबर दिसतंय." तिने अळकुडी हळूच टोपलीत परत ठेवली, जसं दुसऱ्याचं भांडं ठेवावं. "बाईच्या पोटी बाई आली, म्हणून बाईचं पीक पाठवलंय. माझ्या नवऱ्याच्या घरात दुष्काळाच्या सालीही मला कोणी हे दिलं नव्हतं."

आठ दिवस म्बेके तिथे राहिली. आपल्या गाठोड्यातलं शिजवलं, जावयाकडे काही मागितलं नाही, आणि टोपली होती तिथेच दाराशी ठेवली. येता-जाता न्वुगोला ती दिसत होती. तिला त्यातलं काही कळलं नाही. नवव्या दिवशी सकाळी म्बेकेने बाळ घेतलं, उलोमाने पेटी डोक्यावर घेतली, अदाकूने आईचं कापड धरलं, आणि चौघी कुंपणाबाहेर पडल्या. न्वुगो बैठकीच्या दारात उभी होती.

"कुठे निघालात?"

"कोनफळं खायला," उलोमा म्हणाली.

चार-चार दिवसांचे सात बाजार-आठवडे, म्हणजे अठ्ठावीस दिवस झाले की बापाच्या अंगणात मुलाचं नाव ठेवतात. नाव जिथे ठेवलं, मूल तिथलं. आईकडे नाव ठेवलं गेलं की बायको गेली असंच धरतात, दिलेलं सगळं परत येतं, सोयरीक मोडते. न्वुगोचं वय चाळिशीला आलेलं. परत येणाऱ्यात भर घालून दुसरी बायको आणण्याइतकं तिच्याकडे उरलं नव्हतं. म्हणजे इग्विलोकाकांचं दार तिच्यापाशीच संपणार होतं.

आमच्या ह्यांनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. "बघ," म्हणाले, "माणसाने घाई करू नये. आपोआप होतं."

"काय आपोआप होतं?"

"आपल्याला चार मुलगे. एवढीशी पट्टी चौघांत कशी वाटायची म्हणून तूच रडत होतीस ना?"

"मी रडत नव्हते. मी विचारत होते."

"मग हे उत्तर. आता तेवढं तोंड बंद ठेव. तुला ते जमत नाही, म्हणून सांगतो."

रुसलेली बायको आणायला नवरा एकटा जात नाही. भावकीतले दोघे-तिघे पुरुष बरोबर जातात, बोलतात तेच, आणि नवरा मान खाली घालून बसतो. न्वुगो एकेकाच्या दारी गेली. एकाचा गुडघा सुजला होता. एकाला छप्पर शाकारायचं होतं. म्हातारे इलोका म्हणाले, बाकीचे आले तर मीही आहेच. आमचे हे म्हणाले, "येईन की! का नाही येणार? पुढच्या बाजाराला बघू." आणि पुढच्या बाजाराला तेच म्हणाले, त्याच तोंडाने.

चोविसाव्या दिवशी दुपारी न्वुगो माझ्या चुलीपाशी आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कुठे बसायचं तेही तिला कळेना. शेवटी उपड्या घातलेल्या उखळावर बसली, बैठकीत बसते तशी, गुडघे फाकवून.

"अळकुड्या चांगल्या होत्या, ओबिदिया," ती म्हणाली. "मी स्वतः निवडल्या होत्या. एकही किडकी नव्हती."

मी मिरच्या वाटत होते. वाटत राहिले.

"उलोमा काय म्हणाली जाताना? मला सांगितलं त्याच्या आधी, तुला काही म्हणाली असेल."

इथे मला गप्प बसता आलं असतं. मी काही फार चांगली बाई आहे असं नाही. तिच्या मागच्या जमिनीवर माझ्या धाकट्या दोघांची घरं मी मनात बांधून ठेवली होती, दारं कुठल्या बाजूला तेसुद्धा. पण ती उखळावर अशी बसली होती, आणि अळकुड्या चांगल्या होत्या म्हणत होती.

"वन्सं, मला आधी दोन मुलीच झाल्या, आठवतं? दोन्ही वेळा आमच्या ह्यांनी कोनफळं दिली होती. बारकी होती, त्यांत एक कुजकं होतं. पण कोनफळं होती."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणालात 'पुन्हा'. खडू लावला नाहीत. आणि मग बाईचं पीक पाठवलंत. आता तिच्या आईने याचा काय अर्थ लावायचा?"

"अगं, पण मांडवात होतं ते सगळं बियाणं!" ती एकदम बोलली. "यंदा कीड लागली होती, खायचं आधीच संपलं. बियाणातलं काढलं असतं तर मधला खांब उघडा पडला असता. पेरणीला सगळे बघायला आले असते, आणि तुझाच नवरा..."

"शेवटी बाईच, म्हणाला असता," मी म्हणाले. "हो. म्हणालाच असता."

तिने गुडघ्यावरची माती झाडली. मग म्हणाली, "अळकुडीपण पोटभर होते."

"पोटाचं कोण बोलतंय?"

ती उठून गेली. मला वाटलं, रागावली. संध्याकाळी कुंपणातून पाहिलं तर ती मांडवात होती आणि मधल्या खांबाच्या दोऱ्या सोडत होती.

सकाळी ती टोपली डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा मी रस्त्यात उभी होते. आमच्या ह्यांना सांगितलं होतं की मी लाकडं आणायला जाते. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या हातात कुऱ्हाड नव्हती, हे त्यांना दिसलं असणारच.

"तू कुठे?" न्वुगो म्हणाली.

"भावकीतलं कोणीतरी बरोबर हवं ना? मी भावकीतली नाही तर कोण? आणि थांबा." मी कमरेचा खडू काढला. "मान इकडे करा."

"आता? पंचवीस दिवसांनी?"

"मग काय होईल? शिळा खडू म्हणतील."

अमाग्वू दोन तासांची वाट. वाटेत ओढ्यावर बायका भेटल्या, बाजाराच्या बायका भेटल्या. गळ्याला खडू बघून जी ती विचारणारच. "अगंबाई, कोणाकडे काय झालं?"

"माझ्याकडे," न्वुगो म्हणायची. "मुलगी."

"छान, छान! पहिली?"

"दुसरी."

पहिल्यांदा सांगताना ती रस्त्याकडे बघत होती. तिसऱ्या वेळी समोर बघून सांगितलं. पुढे एक म्हातारी समोरून आली, डोळ्यांनी अधू, तिला खडू काही दिसला नव्हता. तिला न्वुगोने आपणच थांबवून सांगितलं. म्हातारीने तिच्या दंडावर थाप मारली आणि तोंडाने उगाच दोन ओळी गाऊन पुढे गेली.

म्बेके अंगण झाडत होती. आम्हाला बघून तिने झाडू थांबवला नाही.

"या जावईबापू! आणि पुरुष मंडळी कुठे आहेत? मागून येताहेत का?"

"कोणी आलं नाही," न्वुगो म्हणाली.

"असं! म्हणजे तुमच्या बाजूने बोलणार कोण?"

"मावशी, मी आले आहे," मी म्हणाले.

"तू? तुझा नवरा तर म्हणे हिच्या जमिनीकडे तोंड करून झोपतो." ओढ्यापलीकडे सगळं पोचतं. "बसा. आलाच आहात तर कोला खाऊन जा."

उलोमाचे वडील फार थकले होते. त्यांनी कोला फोडून दिला, दोन शब्द पुटपुटले आणि पुन्हा आडवे झाले. उलोमा खोलीतच होती. दार अर्धं लोटलेलं, आतून बाळाचा आवाज येत होता. अदाकू मात्र धावत आली आणि "बाबा!" म्हणून न्वुगोच्या पायांना मिठी मारून बसली. न्वुगोने टोपलीवरचं पान काढलं.

म्बेके वाकली. एक कोनफळ उचललं, बोटाने देठापाशी खरवडलं, आणि तिचा चेहरा बदलला. शेतकऱ्याच्या घरची बाई ती, तिला सांगावं लागलं नाही.

"हे तर बियाणं आहे."

"हो."

"मग पेरणार काय?"

न्वुगोने पायांभोवतीचे अदाकूचे हात सोडवले. "चूल कुठे आहे?" म्हणाली.

"काय?"

"पाणी मी करते. तुम्ही इतके दिवस केलंत."

"अहो जावईबापू, नवरे चुलीपाशी जात नाहीत. माझ्या घरात तरी नाही."

"मग बाई म्हणून जाते," न्वुगो म्हणाली. "त्याला तर हरकत नाही ना?"

म्बेके माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे बघितलं.

कोनफळ सोलायला न्वुगोचा हात असा चालला की म्बेकेला टोकायला जागाच राहिली नाही. सालाला गर नाही, फोडी एकसारख्या. पण तिथून पुढे सगळी दैना. मासळी भिजवलीच नाही, तशीच कडकडीत तोडून टाकली. रानमिरीची मूठच्या मूठ. मीठ एकदा घातलं, जाळ बघायला वाकली, आणि परत घातलं. म्बेके माझ्या शेजारी बसून स्वतःचे हात मांडीखाली दाबत होती. "तिला कोणी शिकवलं नाही का गं?" माझ्या कानात म्हणाली. "आई नव्हती का हिला?"

"आई होती," मी म्हणाले. "पण ही मुलगा होती."

भांडं घेऊन न्वुगो अर्ध्या दाराशी गेली आणि आत सरकवलं. आम्ही ऐकत बसलो. एक घोट. मग खोकला. मग बराच वेळ खोकला. दार उघडलं आणि उलोमा बाहेर आली, डोळ्यांत पाणी, नाक लाल.

"बाळंतिणीला मारायचं होतं तर गावातच मारायचं! एवढ्या लांब यायचं काय काम होतं?"

"मीठ जास्त झालं का?"

"मीठ? अहो, समुद्र आहे हा!" आणि तिला हसू फुटलं. ते तिला यायला नको होतं, ती ओठ चावत होती, पण फुटलंच. मग ते थांबलं आणि ती सरळ म्हणाली, "तुम्ही 'पुन्हा' म्हणालात. मी ऐकलं."

न्वुगोने हात कापडाला पुसले. "माझ्या वेळी बाबा काहीच म्हणाले नव्हते," ती म्हणाली. "आई सांगायची. पूर्ण बाजार-आठवडा तिच्या खोलीकडे फिरकलेच नाहीत. मला वाटलं, मी निदान तिथे होते."

"वा! म्हणजे मी नशीबवानच म्हणायची."

"नाही," न्वुगो म्हणाली. "तसं नाही म्हणत मी. 'पुन्हा' मी म्हणायला नको होतं. मी, चौथी मुलगी, मी तर नाहीच."

उलोमा दारातून पुढे आली. खाली टोपलीपाशी बसली आणि एकेक कोनफळ उचलून बघायला लागली. चांगली, डोळेदार निवडून एका बाजूला ठेवत गेली. मोजकी चार दुसऱ्या बाजूला.

"एवढी चार आई शिजवेल," ती म्हणाली. "तुम्ही हात लावायचा नाही. बाकीची परत न्या. पेरायची आहेत."

"आणि तू?"

"ही चार संपली की येते. अठ्ठाविसाव्याच्या आधी संपतील. मला भूक फार लागते."

मी घरी गेले तेव्हा आमचे हे दारात बसले होते. "लाकडं कुठे आहेत?" म्हणाले. मी म्हटलं, ओली होती. दोन दिवस त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी कोंबडी केली, मग खाल्लं.

अठ्ठाविसाव्या दिवशी न्वुगोच्या अंगणात सगळे जमले. सुजलेला गुडघा चालत आला, शाकारणारा आला, इलोका आले. जेवणाला यायला कोणाला काही आडवं येत नाही. न्वुगोच्या गळ्याला ताजा खडू होता, कानापर्यंत. पुढे चार वर्षांनी उलोमाला मुलगा झाला, तेव्हाही तिने एवढाच लावला. जास्त लावते की काय ते बघायला मी मुद्दाम लवकर गेले होते.

आमचे हे मांडवापाशी थांबले. परत आलेली कोनफळं बांधूनही मधल्या खांबाची वरची बाजू उघडीच होती. "न्वुगो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इथे काय झालं गं? कीड?"

"बाळंतिणीला दिली," न्वुगो तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "कोला आणलाय. ये, फोड."

सगळे ह्यांच्याकडे बघत होते. फोडावा लागला.

नाव उलोमाने न्वुगोच्या कानात सांगितलं आणि न्वुगोने मोठ्याने म्हटलं, अहुन्ना. म्हणजे बापाचं रूप. मूल न्वुगोसारखं दिसण्याचा काही प्रश्नच नव्हता, पण कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या इलोकांनी तर वाकून बघितलं आणि कपाळ तिचंच आहे, म्हणाले.

मग पानं वाढली. उलोमाने पेटा रीतसर न्वुगोच्या पानात ठेवला आणि वळली, तर न्वुगोने तिचं मनगट धरलं. पेटा दातांनी मधोमध तोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. पुरुषांचं बोलणं थांबलं. माझ्या हातातला डाव, त्या पहिल्या दिवसासारखाच, तसाच राहिला.

उलोमाने इकडेतिकडे पाहिलं. मग टाकला तोंडात. चावला, पुन्हा चावला, एका गालातून दुसऱ्या गालात घेतला, आणि मोठ्या कष्टाने गिळला.

"अहो," ती न्वुगोला म्हणाली, "हे तर चामडं आहे. एवढ्यासाठी होतं होय सगळं?"

"तुला नको असेल तर परत दे."

"आता कुठून देऊ?" उलोमा म्हणाली, आणि पाठीवरचं बाळ सावरून उरलेली पानं वाढायला गेली.